पहाटे किती वाजता जाग येते?

हा प्रश्न मला विचारणारे ते पाचवे डॉक्टर होते. आधीच्या चौघांनी विचारलं होतं, झोप लागते का? मी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, लागते. रात्री दहाला पाठ टेकली की डोळा लागायचाच. पण तीन-सव्वातीनला टक्क जाग यायची आणि उजाडेपर्यंत छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. "सव्वातीन," मी म्हणालो. डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. "आणि सकाळ सगळ्यांत जड जाते? संध्याकाळी जरा हलकं वाटतं?" मी बायकोकडे पाहिलं. हे मी तिलाही कधी बोललो नव्हतो, कारण हे सांगण्यासारखं लक्षण आहे हेच मला माहीत नव्हतं.

ही एप्रिल २०२४ ची गोष्ट. मी सांगली जिल्ह्यात माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. एकाच शाळेत १९ वर्षं काढल्यावर जून २०२३ मध्ये संचमान्यतेत (शाळेला किती शिक्षक मंजूर, हे ठरतं त्यात) अतिरिक्त ठरलो आणि ३८ किलोमीटरवरच्या शाळेत माझं समायोजन झालं. नोकरी शाबूत, पगार तोच. लोक म्हणायचे, सुटलास. पण दिवाळीच्या आतच अंग मोडून यायला लागलं, जेवण जाईना, छातीत धडधड. फळ्यावर उदाहरण सोडवताना मधली पायरी आठवेना. तीस मुलं बघतायत आणि मी खडू धरून उभा.

मग तपासण्या सुरू झाल्या. ईसीजी, टूडी एको, एंडोस्कोपी, थायरॉइड, बी-१२, साखर. यातल्या काही करायलाच हव्या होत्या. थायरॉइड मंदावलं किंवा बी-१२ कमी झालं तरी माणूस असाच गळून जातो. पण सगळं व्यवस्थित आल्यावर प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य ऐकलं: "रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका." ते वाक्य ऐकून बाहेर पडताना मला माझीच शरम वाटायची. आजार नाही, म्हणजे मी नाटक करतोय. दहा महिने यात गेले.

बरं वाटू लागल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. आर्थर क्लाइनमन नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी १९८० मध्ये चीनच्या हुनान प्रांतात 'मज्जातंतूंचा अशक्तपणा' असं निदान झालेले १०० रुग्ण तपासले, तेव्हा त्यांतल्या ८७ जणांना नैराश्याचा आजार असल्याचं दिसलं. डोकं जड, झोप नाही, थकवा अशा तक्रारी घेऊन ते आले होते. ते वाचताना वाटलं, मीच त्या रांगेत उभा होतो. आपल्याकडे कुणी 'मला उदास वाटतं' म्हणून दवाखान्याची पायरी चढत नाही. उदास वाटणं ही तक्रार धरतच नाहीत. अंगदुखी धरतात.

त्या पाचव्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत आधी आम्हा दोघांशी मिळून बोलून घेतलं. मग बायकोला म्हणाले, "वहिनी, पाच मिनिटं बाहेर बसता?" दार लागल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "सर, मरणाचे विचार येतात?" आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. ताप येतो का विचारावं तसं विचारलं. मी हो म्हणालो. तोवर ते मी माझ्याशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. विचार कितपत येतात, काही ठरवलंय का, घरात कुणाला ठाऊक आहे का, हे सगळं त्यांनी शांतपणे विचारून घेतलं. असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नको ते भरतं असं अनेकांना वाटतं. माझ्या बाबतीत उलट झालं. दहा महिन्यांत पहिल्यांदा मला पूर्ण श्वास घेता आला.

मग त्यांनी विचारलं, हे वहिनींना सांगितलं तर चालेल का? गुप्ततेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंच रुग्णाला दिला आहे, पण तेव्हा मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच जाणवलं की या माणसानं मला विचारलं. मी परवानगी दिली. बायको ऐकत असताना तिनं पदराचं टोक इतकं पिळलं की नंतर त्यावर घडी पडलेली दिसत होती. डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर १४४१६ हा आकडा लिहून तिच्या हातात दिला. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र, मराठीतूनही बोलता येतं. "रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर इथे लावा." ती चिठ्ठी आजही फ्रिजवर चुंबकाखाली आहे.

नैराश्याच्या लक्षणांविषयी नऊ प्रश्नांचा एक कागद भरायला दिला. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं झालं, आणि शून्य ते तीन गुण. कमाल बेरीज २७. माझी १९ आली. गणिताच्या माणसाला आकड्याचं बरं वाटायला हवं होतं, पण मला राग आला. माझ्या दहा महिन्यांची बेरीज कुणी कशी करेल? पुढे दर महिन्याला तोच कागद भरताना कळलं की आकडा दुखण्याचं माप नसून दिशा दाखवणारा आहे. १९ वरून १२, मग ६. मला वाटत नसतानाही तो उतरत होता.

गोळी सुरू झाली, एस्सिटालोप्राम. पहिला आठवडा ५ मिलिग्रॅम, मग १०. डॉक्टरांनी बजावलं होतं की पहिले काही दिवस मळमळ होईल, जरा अस्वस्थही वाटेल, आणि फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतील. हे आधी सांगितलं नसतं तर मी पाचव्या दिवशी गोळी टाकून दिली असती, इतकं कसंनुसं होत होतं. दादाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "झोपेच्या गोळ्या त्या. सवय लागली की सुटायचं नाव नाही." तसं नाही. ही झोपेची गोळी नाही आणि हिची चटक लागत नाही. पण ही एकदम बंद करायची नसते, आणि तो धडा मला पुढे माझ्या चुकीतून मिळाला.

चोविसाव्या दिवशी जेवताना मी सहज म्हणालो, "आमटीत मीठ कमी पडलंय." बायको ताटावरून उठून आत गेली. मी मागोमाग गेलो तर ती ओट्याला टेकून रडत होती. म्हणाली, "दहा महिन्यांत तुम्ही एका घासालाही नाव ठेवलं नाही. काय वाढलंय ते बघतसुद्धा नव्हतात."

गोळीनं मला जमिनीवर आणलं, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. झोप चार-साडेचारपर्यंत सरकली, भूक आली. पण 'मी शिकवायच्या लायकीचा उरलो नाही' हा विचार जागचा हलला नव्हता. डॉक्टरांच्या दारात रोज चाळीसेक माणसं. प्रत्येकाला आठ-दहा मिनिटं. त्यांनी स्वतःच सांगितलं, "यापुढचं काम बोलण्याचं आहे, आणि त्याला माझ्याकडे वेळ नाही." त्यांनी एका चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे पाठवलं. भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे हेही आवर्जून सांगितलं, कारण समुपदेशक अशी पाटी आज कुणीही लावतो. पन्नास मिनिटांना १,००० रुपये. पहिल्या सहा भेटी दर आठवड्याला, मग पंधरवड्यानं. विम्याकडे चौकशी केली. मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच विमा संरक्षण द्यावं असं २०१७ च्या त्याच कायद्यात म्हटलंय, पण माझी पॉलिसी भरती झाल्यावरचाच खर्च देणारी. बाहेरच्या भेटी खिशातून. एका शिक्षकाच्या घरात हे जाणवतं, आणि ज्याच्या हातात महिन्याचा ठरलेला पगार नाही त्याचं काय, हा विचार मला अजून सोडत नाही.

मॅडम माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान. मला 'सर' म्हणायच्या. पहिल्या दोन भेटींत मी एकच घोशा लावला होता: मी काय करू ते सांगा. मी वही-पेन घेऊन गेलो होतो. त्या सांगतील आणि मी उतरवून घेईन असं मला वाटत होतं. नंतर वाचलं की चंदीगडला काम केलेल्या मनोविकारतज्ज्ञ जे. एस. नेकी यांनी १९७३ मध्येच लिहून ठेवलंय, आपल्याकडचा रुग्ण उपचार करणाऱ्यात गुरू शोधतो, आणि ते नातं उपचाराच्या कामी आणता येतं. मॅडमनी मला 'उत्तर तुमच्यातच आहे' असं म्हणून परत पाठवलं नाही. त्या म्हणाल्या, "सांगते. पण गृहपाठ देणार आणि तपासणार." मी होकार दिला. ती भाषा माझी होती.

गृहपाठ म्हणजे आखलेला कागद. तासातासाला काय केलं ते लिहायचं, आणि शेजारी दोन आकडे: किती जमलं, किती बरं वाटलं, दहापैकी. मन लागलं की काम करू, ही माझी वाट पाहण्याची सवय त्यांनी उलटी केली. आधी छोटं काम करायचं, मन लागायचं तेव्हा लागेल. गोव्यात अशाच पद्धतीवर, सहा ते आठ भेटींत, थोडकं प्रशिक्षण घेतलेल्या साध्या माणसांकडून नैराश्याचे उपचार करून पाहिले आणि ते लागू पडले. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण आपल्याकडे तज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी बसतात आणि आजार वाडीवस्तीवरही असतो.

माझ्या कागदावरचं पहिलं काम होतं सायकलची चेन साफ करणं. जुन्या शाळेत मी सायकलनं जायचो. वर्षभर ती जिन्याखाली पडून होती. रॉकेल नव्हतं, म्हणून डिझेल आणलं. जुना दात घासायचा ब्रश घेतला. एकेका कडीतून काळं, चिकट वंगण सुटत होतं आणि खालच्या वर्तमानपत्रावर त्याचे ठिपके पडत होते. अर्ध्यात थकलो, बसून राहिलो. वीस मिनिटांनी पुन्हा उठलो. चेन चढवून पेडल हातानं फिरवलं तेव्हा तो सळसळ आवाज आला. कागदावर लिहिलं: जमलं ७, बरं वाटलं ३. मॅडमनी त्या ३ वर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे तुम्ही शून्य का नाही लिहिलं?" मी बराच वेळ गप्प होतो. शून्य नव्हतं, म्हणून नव्हतं लिहिलं. वर्षभरात मी प्रथमच मान्य करत होतो की काहीतरी शून्य नव्हतं.

पाचव्या भेटीत त्यांनी मला उठवून पांढऱ्या फळ्यापाशी उभं केलं. "सर, भूमितीतलं प्रमेय कसं मांडता?" मी लिहिलं: पक्ष, साध्य, सिद्धता. "आता तुमचं वाक्य मांडा." साध्य: मी शिकवायला लायक नाही. पक्ष: शाळेनं मला अतिरिक्त ठरवलं; फळ्यावर पायरी विसरलो; मी लायक नाही म्हणून मुलं गप्प बसतात. हात थांबला. मुलं का गप्प बसतात याचं कारण म्हणून मी साध्यच पक्षात धरलं होतं. नववीच्या मुलानं असं केलं असतं तर मी लाल पेनानं गोल केला असता. राहिला पहिला मुद्दा. संचमान्यता पटावरून ठरते, शिकवण्यावरून नव्हे, आणि हा शासन निर्णय मीच स्टाफरूममध्ये इतरांना समजावून सांगायचो. मी फळ्याकडे पाहत उभा राहिलो आणि मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी पकडली, माझ्या बोलण्यातला 'च'. मी चुकताच कामा नये. मला आठवायलाच हवं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची जी विवेकनिष्ठ उपचारपद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली, तिचा सगळा रोख अशा हट्टांवर आहे, हे मॅडमनी सांगितलं. आठवडाभर बायको आणि मी घरातले 'च' मोजत होतो.

वाचनातून कळलेलं एक मी त्यांना उत्साहानं सांगितलं होतं. जपानमध्ये नाईकान नावाची पद्धत आहे, इशिन योशिमोतो यांनी घडवलेली. एकेका माणसाबद्दल तीन प्रश्न घेऊन बसायचं: त्याच्याकडून मला काय मिळालं, मी त्याला काय दिलं, त्याला मी कोणता त्रास दिला. मी ते करू का? त्या म्हणाल्या, "आत्ता नको. तिसऱ्या प्रश्नावर तुम्ही वर्षभर बसलेलेच आहात." नैराश्यात अपराधीपणा आधीच ओसंडून वाहत असतो. तिथे स्वतःचे दोष मोजायला बसणं म्हणजे जखमेवरची खपली काढत राहणं. पद्धत चांगली असून वेळ चुकीची असू शकते, हे मला त्या दिवशी उमगलं.

सातव्या भेटीला आई हट्टानं बरोबर आली. तिला वाटत होतं, मला दृष्ट लागलीय आणि ही पोरगी वेळ काढतेय. मी अवघडून गेलो होतो. मॅडमनी माझ्याकडे पाहून विचारलं, चालेल? मग तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आजी, तुम्ही आधी असं कुणाला झालेलं बघितलंय का?" आई गप्प राहिली. नंतर पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मलाच झालं हुतं की."

मी पाच वर्षांचा असताना मला एक बहीण झाली होती, अकरा दिवसांची होऊन गेली. त्यानंतर आई एक पावसाळाभर माजघरात भिंतीकडं तोंड करून पडून होती. देवरुषाकडे नेलं, अंगारा लावला. सासू म्हणायची, पदरात एक पोरगा हाय, त्याच्याकडं बघ. "पर मला त्यो दिसतच नव्हता," आई माझ्याकडे न पाहता म्हणाली. "म्हून याला मामाकडं धाडला."

मामाच्या गावचे ते महिने मला लख्ख आठवतात. आजोबांनी मला तीसपर्यंत पाढे तिथेच पाठ करून घेतले, गणिताची गोडी तिथलीच. बालपणातला सगळ्यांत सुखाचा काळ म्हणून मी तो जपून ठेवला होता. मला तिथे का पाठवलं, हे मी चाळीस वर्षांत विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. मॅडम काही बोलल्या नाहीत. आईनं हात लांब करून माझ्या मनगटावर ठेवला आणि उरलेला वेळ आम्ही तसेच बसलो. दृष्टीचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. उतरवायची तेव्हा ती उतरवतेच, पण गोळी घेतली का, हेही रोज विचारते.

१९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी रुग्णांच्या घरच्यांना आवारात तंबू ठोकून राहायला लावलं होतं, हे मी पुढे वाचलं. माणसं बरी होऊन घरी परतू लागली, कारण घरच त्यांच्याबरोबर राहिलं होतं आणि त्यालाही काही कळलं होतं. एकट्या रुग्णानं बंद खोलीत बोलावं, ही रीत मी नाकारत नाही. तशा भेटीही मला लागल्या, आणि बायकोबद्दलचं काही मी तिथेच बोलू शकलो. पण आई आत आली नसती तर माझा आजार माझाच नाकर्तेपणा राहिला असता.

चूक सांगायची राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये, तीन महिने छान गेल्यावर, मी कुणाला न विचारता गोळी बंद केली. तिसऱ्या दिवशी चक्कर, मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं. ते आठ-दहा दिवसांत ओसरलं, पण महिनाभरात पुन्हा सव्वातीनला जाग. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, बरं वाटू लागल्यावरही निदान सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायची असते आणि मग हळूहळू उतरवायची. हे त्यांनी पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहून दिलं होतं. मी तो कागद पुन्हा उघडून पाहिलाच नव्हता. पुन्हा सुरुवात झाली. या खेपेला वर्षभर एकही गोळी चुकवली नाही.

सध्या ५ मिलिग्रॅमवर आलोय. मॅडमकडे चौदा भेटी झाल्या, आता तीन महिन्यांतून एकदा जातो. जाग पावणेसहाला येते.

गेल्या रविवारी आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुझी पुढची तारीख कवा हाय?" मी सांगितलं, १८ ला. "मग माझं बी नाव घाल तिथं. मला त्या बाईसंग एकटीला बसायचंय." मी फोन लावला. पलीकडून वय विचारलं, मी ७२ सांगितलं, आणि तक्रार काय ते विचारलं. मी आईकडे फोन दिला.